उत्तर न आलेला पाठ

मधुकररावांची बातमी आली तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलेला होतो. त्यात नवीन काही नव्हतं. लग्न झाल्यापासून बहुतेक सकाळी मी त्यांच्यावर चिडलेला असे; त्या सकाळी निमित्त बशीचं होतं, एवढंच. धरमपेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, कठड्याच्या कोपऱ्यात, चिनी मातीची एक पांढरी बशी ठेवलेली असते. माझ्या बायकोच्या, निर्मलाच्या, थोरल्या भावाने, म्हणजे मधुकररावांनीच, ती तिथे ठेवायला सांगितली होती. दर रविवारी निर्मला वर जाते, बशीतली धूळ बोटाने चाचपून बघते, पुसते आणि बशी पुन्हा जागेवर ठेवते. त्या रविवारी मी खालून ओरडलो की चहाच्या सेटातली एक बशी बारा महिने ऊन खात बसते आणि पाहुण्यांपुढे मला स्टीलची प्लेट ठेवावी लागते. ती जिना उतरत म्हणाली, "मग दुसरा सेट आणा ना. दादाची बशी वरतून हलणार नाही." मी म्हणालो, "तुझ्या दादाला एकदा सांगच..." आणि तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. मधुकररावांच्या शाळेतले एक शिक्षक होते. ते आत आले नाहीत, पायरीपाशीच उभे राहिले. कोराडीच्या क्वार्टरमध्ये सकाळी आंघोळीचं पाणी तापत ठेवून मधुकरराव खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत... माझं वाक्य अर्धंच राहिलं. तिच्या दादाला मी काय सांगायला सांगणार होतो, ते आता आठवत नाही. पण शेवटचा शब्द याही वेळी त्यांचाच झाला, हे तेव्हा त्या पायरीवरही माझ्या मनात येऊन गेलं.

याला आता दीड-दोन महिने झाले. माझी समजूत अशी होती की गेलेल्या माणसाचा हेवा वाटत नाही; माणूस गेला की तो आपोआप मोठा होतो आणि आपणही थोडे मोठे होतो. तसं काही झालेलं नाही. मधुकरराव जितके होते तितकेच आहेत, आणि मीही.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलगी बघायला उमरेडला गेलो तेव्हा. विणकरांचं घर. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत माणसं. तसा आमच्याही घरी नागपुरात माग होता, पण वडिलांनी तो मोडून मला शिकवलं, आणि मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन प्राध्यापक झाल्यापासून आमच्या घरात मागाचं नाव कुणी काढत नसे. उमरेडला मात्र बी.एस्सी. झालेला, शाळेत विज्ञान शिकवणारा थोरला मुलगा पाहुणे येईपर्यंत मागावर बसून होता. आम्हाला पाहून तो उठला, हात पुसले, आणि पोह्यांची बशी माझ्या हातात देत म्हणाला, "काय जी, प्रोफेसरसाहेब, झाडं-झुडपं ठीक आहेत ना?" सगळे हसले. मी माझ्या प्रबंधाच्या विषयाबद्दल चार वाक्यं तयार करून गेलो होतो, ती तशीच पोटात राहिली. लग्न ठरलं, झालं, आणि मी त्या घरचा जावई झालो. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. पंगतीत पहिला पाट मला, पुरणपोळीवर तुपाची धार मला, टोपी-उपरणं मला. पण मी पहिला घास घेतला की सगळ्यांचे कान तिकडे, कोपऱ्यात बसून मधुकरराव काय सांगतात तिकडे. ते काही विशेष सांगत नसत. शाळेतल्या कुणा पोराने बेडकाला काय विचारलं, असलंच काहीतरी. मी एकदा घरी येऊन तीच गोष्ट निर्मलाला सांगून पाहिली. ती म्हणाली, "दादा सांगते तेव्हा हसू येते." मग धीर देत म्हणाली, "तुम्ही तुमचं इंग्रजीतलं सांगत जा."

पुढे मधुकररावांची बदली कोराडीला झाली, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत. त्याच सुमारास सीताबर्डीच्या एका संस्थेने टपालाने शिक्षण द्यायचं ठरवलं. गावोगावच्या प्रौढांना घरबसल्या पाठ पाठवायचे, त्यांनी उत्तरं पाठवायची, आपण तपासून परत पाठवायची. विषय होता माती, पाणी, सरपण, झाडं. जे आहे ते पुढच्या पिढीलाही पुरेल असं कसं वापरायचं. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा आमच्या कॉलेजातही दोघा-तिघांनाच उच्चारता येत असे, आणि त्यांतला एक मी असल्यामुळे संस्थेने मला बोलावलं. मी आनंदाने गेलो. घरी येऊन जेवताना सगळं सांगितलं. निर्मला म्हणाली, "दादाले घ्या ना संग." मी मनात म्हटलं, घ्यावं. पाकिटं चिकटवायला, पत्ते लिहायला कुणीतरी लागणारच. शिवाय मेहुण्याला आपण काहीतरी मिळवून दिलं, हे पुढच्या दिवाळीत पंगतीत बसून सहज बोलता येईल.

पहिल्या बैठकीत मी अभ्यासक्रमाचं नाव सुचवलं, 'नैसर्गिक साधनसंपत्तीचे संधारण : प्राथमिक परिचय'. सगळ्यांनी माना डोलावल्या. मधुकरराव मागच्या बाकावर होते. म्हणाले, "आमची आई तेलाची बुधली हातात देताना म्हणते, पुरवून वापर गा. तेच ठेवलं तर?" संस्थेचे चिटणीस एवढे खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे फळ्यावर लिहिलं, 'पुरवून वापरू'. मी सुचवलेलं नाव त्याखाली कंसात छापायचं ठरलं, पुढे जागा पुरली नाही म्हणून तेही राहिलं.

मी पहिला पाठ लिहून नेला. आठ पानांचा. व्याख्या, प्रकार, महत्त्व, सारांश, स्वाध्याय. मधुकररावांनी तो पूर्ण वाचला, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, "जवाईबापू, एक विचारू? वर्गात समोरचा पोरगा झोपला तर आपल्याले दिसते. टपालातला माणूस झोपला तर कसं दिसन?" मी म्हणालो, "झोपणारा झोपेल. ज्याला शिकायचं तो शिकेल." ते म्हणाले, "तसं नाही जी. त्याच्या हाताले काम द्या. हात झोपत नाही." आणि मग त्यांनी मागाची उपमा दिली. मागावर उभा धागा असतो तो ताणा, आडवा टाकतात तो बाणा. "ताणा त्याच्या घरचा पाहिजे. त्याचं अंगण, त्याची चूल, त्याची विहीर. आपण फक्त बाणा टाकायचा. तुम्ही दोन्ही आपलेच टाकून राहिले, मग ते लुगडं त्याच्या अंगाले कसं बसन?" मला राग आला. उपमेचा आला नाही, ती चांगलीच होती. ज्याच्या बापाने माग मोडला त्याला ती सुचली नाही, याचा आला.

त्यांनी लिहिलेला पहिला पाठ पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा होता. 'घरातली एक पांढरी बशी गच्चीवर, कौलांवर किंवा अंगणात उंच जागी ठेवा. आठ दिवस हलवू नका. आठ दिवसांनी तिच्यात जे असेल ते कागदात बांधून आम्हाला पाठवा. सोबत लिहा, हे कुठून आलं असेल?' बस. व्याख्या नाही, प्रकार नाही. मी चिटणिसांना म्हणालो, हा पाठ आहे की गंमत? कोराडीत ही गंमत त्यांना रोजची होती. तिथे बायका पापड वाळत घालतात ते धोतराखाली झाकून. वारा फिरला की वीज केंद्राच्या चिमण्यांमधली कोळशाची राख, बारीक राखाडी पूड, बशीत बसते. मधुकरराव कुणाला दोष देत नसत. वर्गात दिव्याचं बटण दाखवून म्हणत, "उजेड आपला, तर राखही आपलीच. एक दिवा कमी लावा, चिमूटभर कमी पडन." बटण बंद करायला पोरांची झुंबड उडे.

आणि उत्तरं आली. एवढी आली की सीताबर्डीचा पोस्टमन खोलीच्या दारात पिशवी आपटून म्हणाला, "सर, हे टपाल आहे का खळं?" कुणाच्या पुडीत वीटभट्टीची काजळी, कुणाच्या कापसाचे तंतू, कुणाच्या नुसतं मोहाचं फूल. एकाने लिहिलं होतं, 'बशीत काही पडले नाही, पण कोंबडी बसली. ती कुठून आली ते माहीत आहे, शेजाऱ्याची आहे.' मधुकररावांनी त्यालाही उत्तर लिहिलं. होमिओपथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या काचेच्या कुप्या त्यांनी कुठून तरी गोळा केल्या, प्रत्येक पुडी एका कुपीत भरली, वर गावाचं नाव चिकटवलं, आणि फळीवर मांडल्या. गावांच्या अकारविल्हे नाही, रंगांप्रमाणे. पांढुरकी, भुरी, तांबूस, करडी, काळी. रंगवलेलं सूत लावावं तशी ती रांग दिसे. संस्थेत येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या फळीसमोर उभा राहायचा, आणि मग, वेळ उरलाच तर, माझ्याशी बोलायचा.

आमच्या गच्चीवरची बशी त्याच वेळची. त्यांनी स्वतः येऊन कोपरा निवडला. "पाहू द्या, धरमपेठेत काय पडते." आठ दिवसांनी निर्मला पुडी बांधायला निघाली. मी म्हणालो, अभ्यासक्रमाच्या तज्ज्ञाने स्वतःच विद्यार्थ्यासारखं उत्तर पाठवायचं असतं का? पुडी राहिली. त्यानंतर जेव्हा जेव्हा भेट होई, दिवाळीला, राखीला, कुणाच्या बारशाला, तेव्हा सगळ्यांसमोर ते विचारत, "जवाईबापू, धरमपेठेचं उत्तर नाही आलं." मी म्हणे, "आमच्याकडे काही पडतच नाही." ते म्हणत, "तेही उत्तरच आहे जी. लिहून पाठवा."

नाही म्हणायला एक आठवडा फार सुखाचा गेला. चौथा पाठ सरपणाचा होता. मधुकररावांनी वर ठळक छापलं, 'या पाठात मी मुद्दाम एक चूक केली आहे. ती शोधून कळवा.' आणि खाली लिहिलं, 'चुलीत ओलं लाकूड घालावं. ते हळू जळतं, म्हणून सरपण जास्त दिवस पुरतं.' त्यांना वाटलं, लोक वाचतील, हसतील, आणि आनंदाने चूक पकडतील. पण आपल्याकडे मास्तरांची चूक काढण्याची रीत कुठे आहे? मास्तर स्वतः मागतात म्हणून काय झालं, ते त्यांचं मोठेपण. आपण ती थोडीच काढायची असते. पत्रांवर पत्रं आली, 'सर, पाठ नीट वाचला. चूक कोठेही आढळली नाही.' आणि लोकांनी आठ-आठ दिवस ओली लाकडं जाळली होती! उमरेडकडच्या एका गावच्या गिरजाबाई म्हणून होत्या, सातवी शिकलेल्या, घरची शेती. त्यांनी लिहिलं होतं, 'सरपण पुरले हे खरे आहे, कारण स्वयंपाकच झाला नाही. सासूबाई माझ्यावर चिडल्या आहेत. सगळ्यांचे डोळे लाल झाले. पण यात चूक आमच्या चुलीची असेल.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. जेवताना निर्मलाला वाचून दाखवलं. संस्थेत बैठक बोलावली गेली, तेव्हा मधुकररावांची बाजू घेणारं एक सुंदर भाषण मी तयार केलं. उदार, दुःखी, आणि त्यांच्या अननुभवाचा उल्लेख तीन ठिकाणी असलेलं. ते भाषण मला करता आलं नाही, कारण मधुकरराव बैठकीला आलेच नाहीत. ते एसटीने गिरजाबाईंच्या गावाला गेले होते. तिथे त्यांनी काय केलं, ते पुढच्या पाठात छापून आलं. गावातल्या बायांसमोर त्यांनी स्वतः ओल्या लाकडाची चूल पेटवली, धुराने डोळे भरून आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "चुकलो. लाकूड चुकलं नाही, चूल चुकली नाही, मीच चुकलो. मास्तरची चूक दिसली की सांगायची बाई, नाही तर मास्तर जन्मभर तसाच राह्यते." मग शेजारी दुसरी चूल मांडली. एका चुलीत ओलं, दुसरीत तेवढंच वाळलेलं. दोन्हींवर तुरीच्या डाळीचं एकेक भांडं. डाळ कुठे आधी शिजते, कुठे किती लाकूड जळते, बायांनीच बघायचं. त्या पाठाला आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त उत्तरं आली. त्यानंतर प्रत्येक पाठात ते एक चूक पेरू लागले, आणि लोक ती पकडण्यासाठी टपालाची वाट बघू लागले. घराघरांत पैजा लागत. या माणसाची चूकसुद्धा माझ्या बरोबरपेक्षा जास्त वाचली जात होती... मी ते भाषण बरेच दिवस जपून ठेवलं. दुसऱ्या कुणाची फजिती झाली तर उपयोगी पडलं असतं. पण तशी चूक दुसरं कुणी केलीच नाही.

मग मी ठरवलं की एक पाठ आपण असा लिहायचा की बघतच राहावं. विषय माझ्या घरचा होता, मुळं. त्यावर तर माझा प्रबंध होता. चोरून का होईना, मधुकररावांचे सगळे पाठ मी समोर ठेवले, आणि त्यांच्या पद्धतीने, हाताला काम देणारा पाठ लिहिला. 'बांधावरचं गवत आपण दरवर्षी खुरपून टाकतो. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर त्यातलं एक गवत मुळासकट हलकेच उपटून पाहा. मूळ धुऊन पाहा. किती खोल गेलं आहे, वितीने मोजून पाहा. त्याने माती कशी धरून ठेवली आहे ते पाहा.' अजून थोडं होतं, पण आठ पानांऐवजी एकाच पानात बसवलं होतं. स्वतःवरच खूश होऊन मी तो मधुकररावांना दाखवला. त्यांनी वाचला, मान वर केली, आणि मी पाहिलं, त्यांचे डोळे चमकले होते. "वा जवाईबापू! हा असा पाठ मले नसता सुचला. पण एक गोष्ट राहिली तुमच्या..."

"माझ्या पाठात काही राहत नसतं," मी म्हणालो.

ते हसले, त्यांचं ते ओठ मिटून हसणं, आणि कागद घडी करून छपाईला दिला.

माझ्या पाठाला एकही उत्तर आलं नाही. पावसाळा गेला, पोळा झाला, दसरा झाला. पोस्टमनची पिशवी ओतली की मी तिथे काही निमित्ताने हजर असे. बशीची उत्तरं येत होती, चुलीची येत होती, विहिरीच्या पाण्याची येत होती. गवताचं एक मूळ नाही. मधुकररावांना मी विचारलं नाही, त्यांनीही कधी विषय काढला नाही, आणि ते विषय काढत नाहीत याचाही मला राग येई. मला फार नको होतं. गिरजाबाईंच्या त्या लाल डोळ्यांच्या पत्रासारखं एक पत्र, कुणाचंही, माझ्या पाठाला. काही वर्षांनी संस्थेने तो अभ्यासक्रम आवरता घेतला. माझी नोकरी, बढती, पेपर तपासणं, सगळं नीट चाललं होतं. पण टपाल आलं की अजूनही मी पाकिटाची जाडी बोटांनी चाचपून बघे, आत मुळी असेल का म्हणून. मधुकररावांनी मात्र काही आवरलं नाही. लोक त्यांना कोराडीच्या पत्त्यावर लिहू लागले आणि ते शाळेतून आल्यावर उत्तरं लिहीत बसत. संस्थेने टाकून दिलेली ती कुप्यांची फळीही त्यांनी घरी नेली.

शेवटची भेट आमच्या गच्चीवर झाली. त्यांना दम लागत होता, तरी जिना चढून आले. बशीवर बोट फिरवून त्यांनी ते उजेडात धरलं. "धरमपेठही आता तेवढं गोरं राहिलं नाही वं," ते निर्मलाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उत्तर नाही आलं जी अजून." मी म्हणालो, "येईल, येईल. टपाल उशिरा चालतं." त्यावर ते फार हसले. त्यांना कधी माझ्या विनोदाला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं... ते का हसले, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

तेराव्याला कोराडीच्या क्वार्टरबाहेर मांडव घालावा लागला. माझ्या तेराव्याला किती माणसं येतील याचा हिशेब मी तिथे खुर्चीत बसून मनातल्या मनात करत होतो; दुसऱ्या रांगेतच संपत होता. गावोगावची माणसं येत होती, कुणी पिशवीतून माती काढत, कुणी आपल्या गावची कुपी फळीवर शोधत. वहिनी, म्हणजे मधुकररावांची बायको, आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. निर्मला आलेल्यांना पाणी देत होती. दुपारी एक उंच, पिकल्या केसांची बाई आली. निर्मलाने नाव विचारलं तर म्हणाली, "गिरजा." मी सावरून बसलो. लाल डोळ्यांच्या पत्रातल्या गिरजाबाई! त्यांच्या हातात ओल्या फडक्यात बांधलेलं गवताचं ठोंब होतं, मारवेलचं. वहिनींसमोर ते ठेवून त्या बसल्या, थोडा वेळ रडल्या, मग डोळे पुसून बोलू लागल्या.

"सरांचा तो पाठ होता ना बाई, बांधावरचं गवत उपटून मूळ पाहा म्हणून. आमी पाह्यलं. कोपरापावतर मूळ! मी मालकाले म्हणलं, हे बांधाले धरून उभं हाये अन् तुमी दरसाल खुरपून फेकता. तवापासून खुरपं बंद. मागच्या पावसात लोकायचे बांध वाहून गेले, आमचा जाग्यावर हाये. म्हणून हे आणलं. सरांच्या अंगणात लावा."

माझा पाठ. माझा! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर आलं होतं, मुळासकट, ओल्या फडक्यात. आणि वर नाव मधुकररावांचं. बोलावं की नाही? तेराव्याच्या दिवशी, मांडवात, हा पाठ माझा होता असं म्हणणारा माणूस कसा दिसला असता, ते मला कळत होतं. आणि न बोलता राहवत नाही, हेही कळत होतं. मी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. निर्मलाने तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "गिरजाबाई, तो पाठ दादाचा नव्हता वं. यांचा होता."

गिरजाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमचा?"

"हो," मी म्हणालो. आवाज मला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"मग सर, राग नका मानू, त्याच्यात एक चूक होती."

मांडवातली दोन-चार माणसं वळली. मी म्हणालो, "कोणती?"

"पाहा, पाहा, पाहा, एवढंच सांगतलं. कळवा म्हणून कुठं सांगतलं? आमच्या गावात सगळ्याईनं उपटून पाह्यलं जी. पण कळवा म्हणलं नाही, तर उगीच तुमाले तकलीफ काहून द्या?" मग वहिनींकडे बघून, जरा गुन्हेगारासारखं, "सरांनंच शिकवलं होतं बाई. मास्तरची चूक दिसली की सांगायची."

कुणीतरी हसलं. मग वहिनी हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदा. निर्मलाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. मी हात जोडून म्हणालो, "बरोबर आहे. चूक आहे." एवढं बोलायला मला किती वर्षं लागली, आणि ते शिकवलं कुणी, याचा विचार करत मी उठून आत गेलो, त्या फळीसमोर. एक गोष्ट राहिली तुमच्या... ते वाक्य मी तोडलं होतं. पण 'कळवा' ही एक ओळ स्वतःच घालून ते पाठ छापू शकले असते, त्यांच्या हातातच होतं सगळं. केलं नाही. माझा पाठ त्यांनी मी दिला तसाच जाऊ दिला. गच्चीवर मी 'टपाल उशिरा चालतं' म्हणालो तेव्हा ते का हसले, तेही आता कळलं. मान राखला म्हणायचा की माझ्या हाताला काम दिलं म्हणायचं?

क्वार्टर रिकामं करायचं होतं. वहिनी उमरेडला परत जाणार होत्या. कुप्यांची फळी आम्ही घरी आणायचं ठरवलं; म्हणजे निर्मलाने ठरवलं. कुप्या वर्तमानपत्रात गुंडाळताना, पांढुरक्या रंगांच्या टोकाला, मला एक रिकामी कुपी मिळाली. धुतलेली, बूच लावलेली. वर मधुकररावांच्या गोल अक्षरात चिकटवलेलं होतं, 'धरमपेठ'. त्या कुपीसाठी त्यांनी दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडली होती, रंग कोणता निघतो ते माहीत नसल्यासारखी.

मागच्या रविवारी निर्मलाच्या आधी मी गच्चीवर गेलो. बशीत आठ दिवसांची धूळ होती, करडी, आणि निंबाची एक वाळकी काडी. वर्तमानपत्राचा तुकडा फाडून मी ती त्यात झाडली, पुडी बांधली. खाली येऊन चष्मा लावला आणि जपून, सांडू न देता, कुपीत ओतली. निर्मला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "हे काय करून राहिले?" मी म्हणालो, "उत्तर पाठवतो आहे." फळीवरच्या दोन कुप्या तिने थोड्या सरकवल्या, रंग पाहिला, आणि एक जागा दाखवली. मी कुपी तिथे ठेवली.

बशी पुसून पुन्हा वर नेऊन ठेवली आहे. चहाचा सेट अजून एका बशीने कमीच आहे. बांधावरच्या, चुलीवरच्या, कौलांवरच्या सगळ्यांची उत्तरं त्यांना आली होती... आता माझंही त्यांनाच गेलं.